मियागामचे बैल आणि फियाटची कमान

बडोद्याहून भडोचेस जाताना सुमारे तीस किलोमीटरांवर जे स्थानक लागते त्याच्या फलकावर मियागाम आणि करजण अशी दोन गावांची नावे जोडीने लिहिलेली असून, मुंबईच्या गाड्यांतून नित्य ये-जा करणाऱ्या आम्हां बडोदेकर मराठी मंडळींना त्या जोडनावापलीकडे या गावाची ओळख बहुधा नसते. गाडी थांबली तर चहा घ्यावा, न थांबली तर खिडकीतून काळीभोर जमीन आणि कपाशीची शेते पाहावीत, एवढाच आमचा करजणशी व्यवहार. माझा व्यवहार थोडा अधिक घडला तो थोरल्या बंधूंच्या एका जुन्या फियाट गाडीच्या पुढच्या कमानीमुळे. आणि त्या निमित्ताने या गावाच्या पूर्वेतिहासाकडे पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले, की मनुष्याने चाकाखालच्या धक्क्याशी जो दीर्घ कलह मांडलेला आहे त्याचे दोन अगदी निरनिराळे अध्याय याच एका तालुक्याच्या भूमीवर घडून गेले आहेत.

करजण ज्या प्रदेशात वसले आहे त्याला गुजरातेत कानम म्हणतात. उत्तरेस ढाढर नदी, दक्षिणेस नर्मदा, आणि मधला सारा मुलूख कापसाच्या काळ्या जमिनीचा. उन्हाळ्यात या जमिनीला मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन चाकाला अशी काही बिलगते की चांगल्या खिल्लारी जोडीनेही मान टाकावी. भडोची कापसाचा लौकिक ज्या काळी सातासमुद्रापलीकडे पोचलेला होता त्या काळीदेखील हा कापूस शेतातून निघे तो बैलगाडीतूनच. आणि त्या गाडीच्या अंगात लवणारे असे काहीच नसे. लाकडी तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांभोवती पुठ्ठ्यांचे वर्तुळ आणि त्या वर्तुळावर लोहाराने लालबुंद तापवून चढवलेली लोखंडी धाव, असा तो सगळा कडक संसार. ही धाव थंड होताना आकसते व सबंध चाकाला आवळून धरते. म्हणजे धावेच्या लोखंडात एक बळ कायमचे कोंडून ठेवलेले असते आणि त्या कोंडलेल्या बळावरच चाकाचे आयुष्य अवलंबून असते, ही गोष्ट खेड्यातला लोहार कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्यावाचून जाणून होता. परंतु रस्त्यातला खड्डा आणि गाडीत बसणाऱ्याची पाठ यांच्यामध्ये मध्यस्थी करील असे त्या वाहनात कोणी नव्हते. कडब्याचा भारा किंवा घडी घातलेली गोधडी हीच काय ती त्या गाडीची कमान.

आता धक्क्याचे निवारण करावयाचे तर त्याला मार्ग दोनच. एक तर वाटच अशी गुळगुळीत करावी की धक्का उत्पन्नच होऊ नये, नाही तर वाहन असे लवते करावे की उत्पन्न झालेला धक्का वाटेतच जिरावा. करजणने यांपैकी पहिला मार्ग आधी पाहिला, आणि तोही अशा चमत्कारिक स्वरूपात पाहिला की ऐकणाऱ्यास सहसा खरे वाटू नये.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा मोठा लोहमार्ग सुरतेकडून येऊन नर्मदा ओलांडून बडोद्यास पोचला तो अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सुमारास. आणि त्या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस विलायतेस जाईनासा झाल्याबरोबर गुजरातच्या कापसाला जो अपूर्व भाव आला त्याची हकीकत सुप्रसिद्धच आहे. बडोद्याच्या गादीवर त्या वेळी खंडेराव महाराज होते. कुस्ती, शिकार आणि जडजवाहीर यांच्या शौकासाठीच लोकांच्या स्मरणात राहिलेल्या या राजाने १८६२ साली डभोईपासून मियागामच्या दिशेने अडीच फूट रुंदीचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरांचा, एक छोटा लोहमार्ग घालावयास लावला. हिंदुस्थानातील हा पहिला अरुंद लोहमार्ग, आणि एखाद्या देशी संस्थानाने स्वतःच्या मालकीचा केलेला पहिला लोहमार्गही हाच. विशेष हा, की त्यावर गाडी ओढीत ते बैल. रुळांवरून जाणाऱ्या डब्यास जू लावून त्यास बैल जुंपलेले, असे ते दृश्य असे. आणि त्याची चेष्टा करण्याचा मोह आजच्या वाचकास होणे स्वाभाविक असले तरी त्यात हसण्यासारखे फारसे काही नव्हते. काळ्या चिखलात ज्या बैलांना दहा-बारा मणांनी घाम फुटे तेच बैल लोखंडी रुळावरून त्याच्या कित्येक पट ओझे सहज नेत, कारण रुळाने धक्का आणि घर्षण ही दोन्ही एकदमच कमी केलेली असत. वाहन होते तसेच ठेवून वाट तेवढी बदलावयाची, हा तो पहिला उपाय होय.

पुढल्याच वर्षी, १८६३ मध्ये, ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने आणविण्यात आली. परंतु मूळचे रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना सोसेना, आणि म्हणून इंजिने असूनही बैलांची नोकरी चालूच राहिली. रूळ पुढे बदलले गेले, १८७३ साली मार्गाची रीतसर मांडणी झाली, आणि वाफेची नियमित वाहतूक सुरू होण्यास १८८० साल उजाडले. एका यंत्राची दुसऱ्या यंत्रासाठी तयारी होईपर्यंत अठरा वर्षे बैलांनी वाट सांभाळली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे सयाजीराव महाराजांच्या अमदानीत या छोट्या मार्गाच्या शाखा चहूकडे पसरल्या. मियागामहून चोरंदा आणि तेथून नर्मदाकाठच्या मालसरपर्यंत गाडी जाऊ लागली. आणि १९१९ साली बडोद्यास गोयागेट येथील रेल्वे कारखान्याची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते बसली. हा सर्व तपशील रेल्वेच्या इतिहासात सापडतो, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही.

दुसरा उपाय कमानीचा. कमान हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ अर्थ धनुष्य. धनुष्य वाकवावे, त्यात हाताचे बळ साठावे आणि दोरी सोडताच ते बळ बाणाच्या स्वाधीन व्हावे, ही कल्पना त्या शब्दात इतकी पूर्ण आहे, की आपल्या पूर्वजांनी घड्याळाच्या पोटातील गुंडाळीलाही कमान म्हटले आणि घोडागाडीखालच्या पोलादी पट्ट्यांनाही कमान म्हटले, यात त्यांची समज दिसून येते. जितके ताणावे तितके बळ, हा स्थितिस्थापकत्वाचा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. तथापि त्याचा पुरता उपयोग प्रवाशांच्या हाडांना होण्यास सव्वाशे वर्षे जावी लागली. लंडनच्या ओबडाया एलियट नामक गाडी बांधणाऱ्याने १८०४ च्या सुमारास एकमेकींवर रचलेल्या पट्ट्यांची लंबवर्तुळाकार कमान गाडीखाली बसविली, आणि तीच कमान पुढे मुंबईच्या शिगरामाखाली, व्हिक्टोरियाखाली आणि संस्थानिकांच्या बग्ग्यांखाली येऊन विसावली. आमच्याकडे गॅरेजमध्ये तिला पाटे म्हणतात. पाटा तुटला, पाटा वाढवून घेतला, पाट्यांना वंगण दिले, अशी ही भाषा. आणि लोहाराला ती परकी वाटली नाही, कारण पोलादाला पाणी देण्याची विद्या त्याच्या घरचीच होती. मालमोटारीचा तुटलेला पाटा फुकट जात नाही. त्याचा कोयता होतो, आणि त्या कोयत्याची धार बाजारातल्या नव्या कोयत्यापेक्षा अधिक टिकते, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे.

पाट्यांमध्ये आणखी एक गुण असतो व तो पुढच्या कथेस आवश्यक आहे. गाडी दचकली म्हणजे पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यातच धक्क्याचा काही अंश आपोआप खर्च होतो. मळसूत्राकार गुंडाळलेल्या कमानीत, जिला आपण आता स्प्रिंग म्हणूनच ओळखतो, असे काही घासत नाही. एकदा दबली की ती घेतलेले सर्व बळ इमानेइतबारे परत करते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. आणि तिला आवरणारे कोणी नसेल तर गाडी खड्डा ओलांडून गेल्यानंतरही कितीतरी वेळ नाचत राहते. म्हणून मळसूत्री कमानीच्या सोबतीस शॉकअप अवश्य लागतो. तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या वर-खाली होतो, तेलाला बारीक छिद्रांतून मोठ्या कष्टाने वाट काढावी लागते, आणि कमानीची उसळी त्या कष्टात उष्णता होऊन विरून जाते. नाव धक्का खाणारा असे असले तरी धक्का खाते ती कमान. शॉकअप खातो ती कमानीची चंचलता. गुजरातेत कारागीर त्याला जंपर म्हणतात, म्हणजे जो उडी मारू देत नाही त्यालाच उडी मारणारा हे नाव पडले आहे. भाषेचे न्याय असेच असतात.

मोटारींच्या पुढच्या चाकांखाली ही मळसूत्री कमान सार्वत्रिक झाली ती एका ठराविक कारणाने. जुन्या मोटारींत बैलगाडीप्रमाणेच पुढील दोन्ही चाके एकाच आसाने जखडलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरे कलंडे, आणि वेग वाढला की सुकाणू हातात थरथरू लागे. रोल्स-रॉइस सोडून १९३० साली जनरल मोटर्समध्ये गेलेला मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता तेथे या व्याधीच्या मागे लागला. त्याच्या प्रयोगांच्या फलस्वरूप १९३४ च्या कॅडिलॅकमध्ये प्रत्येक चाकास स्वतःचे स्वतंत्र हात व स्वतःची स्वतंत्र कमान मिळाली. जर्मनीत मर्सिडीज-बेन्झ कंपनीने तशीच रचना आदल्या वर्षी केलेली होती. मुंबईस शिवडी येथे १९२८ पासून जनरल मोटर्सच्या शेवरले मोटारी जोडून बाहेर पडत, आणि त्या कंपनीच्या काही गाड्यांना १९३४ पासूनच पुढे अशी स्वतंत्र कमान होती. परंतु आमच्या मध्यमवर्गाच्या दारात ती आली ती फियाटबरोबर.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. स्वदेशी मोटारीचे दोन मोठे उद्योग जवळजवळ एकाच वेळी उभे राहिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून कुर्ल्यास कारखाना उभारला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४२ मध्ये, बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स काढली ती ओखा बंदरी, आणि ओखामंडळ त्या वेळी गायकवाडांच्या राज्यात होते. म्हणजे पुढे कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याचे नाव जिच्याशी कायमचे जोडले गेले त्या अँबॅसडरच्या कुळाचा पाळणा बडोदे सरकारच्या हद्दीत हलला होता. या दोन घराण्यांनी पुढच्या चाकांसाठी दोन वाटा धरल्या. अँबॅसडरने चौकटीच्या लांबीत एक सरळ पोलादी दांडा घातला, जो चाक उचलले की पिळला जातो. प्रीमियरच्या फियाटने मळसूत्री कमान घेतली. वरकरणी ही दोन यंत्रे भिन्न, वस्तुतः एकच. मळसूत्री कमान दाबली असता तिची तार वाकते कमी आणि पिळते अधिक. किंबहुना ती गुंडाळून ठेवलेला पिळदांडाच होय. फरक पडतो तो काढताना. सरळ दांड्याचा पीळ कोठे आहे ते कारागिराला दिसते. कमानीचा पीळ वेटोळ्यांत लपलेला असतो, आणि ती निश्चल, निरुपद्रवी, जवळजवळ शोभेची वस्तू भासते.

ती निरुपद्रवी नाही, हे आकड्यांनी सांगता येते. समजा, एक कमान एक मिलिमीटर दाबण्यास तीन किलोंचा भार लागतो. ती पंधरा सेंटिमीटर दाबून चाकाचा हात, म्हणजे आर्म, आणि चौकट यांच्यामध्ये बसविली, तर ती साडेचारशे किलोंच्या जोराने दोन्हीकडे रेटीत असते, आणि तिच्यात साठलेली शक्ती चौतीस किलोंचा धोंडा एक मीटर उंचीवरून पडावा एवढी होते. दाब दुप्पट झाला तर ही शक्ती चौपट होते. धोंडा पडतो तो खाली, आणि कोठे पडणार हे आधी कळते. सुटलेली कमान कोठे जाईल हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

असली कमान सांभाळून सोडण्याची विद्या कोणी शिकविली? बडोदे सरकारने शिक्षणाची हेळसांड केली, असे त्याचे शत्रूही म्हणणार नाहीत. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्यासारखा रसायनवेत्ता त्याच्या मुख्य स्थानी बसविला, आणि यंत्रविद्या देशी भाषांतून शिकविता येते हे सिद्ध करण्याचा उद्योग आरंभिला. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके याच संस्थेचे विद्यार्थी. राज्यकारभारातील शब्दांसाठी १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु नावाचा आठ भाषांचा कोश सिद्ध झाला, ज्यात इंग्रजी, गुजराती, मराठी आणि फारसी एका रांगेत बसल्या. परंतु तो कोश कचेरीचा. हमरस्त्यावरच्या गॅरेजचा शब्दकोश कोणत्याही महाराजांनी करविला नाही. तो कारागिरांनी स्वतःच, जिभेला सोसेल त्या रीतीने, रचला. सॉकेटला गोटी, नटाला चाकी, टेकूला घोडी, आणि कोणत्याही अवघड कामाला फक्त जोखमीचे. कलाभवनातून बाहेर पडलेला विद्यार्थी गिरणीत किंवा रेल्वेत जाई. रस्त्यावरचा मिस्त्री मात्र लोहाराच्या भात्यापासून, किंवा मालमोटारीच्या क्लीनरच्या जागेपासून, वर चढे.

करजणला अशा मिस्त्रींची वस्ती होण्यास भूगोल कारण झाला. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता गावाजवळून जातो. तो पूर्वी आठ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा आहे. दक्षिणेस भडोचेजवळ नर्मदा आडवी. तिच्यावरचा जुना लोखंडी पूल, ज्याला लोक सोन्याचा पूल म्हणतात, १८८१ साली आगगाडीसाठी बांधला होता, आणि आगगाडीला नवा पूल झाल्यावर त्याच अरुंद पुलावरून पिढ्यानपिढ्या मोटारी गेल्या. पुलावर गाडी बिघडणे म्हणजे दोन जिल्ह्यांची वाहतूक अडविणे. म्हणून शहाणा ड्रायव्हर नदीच्या अलीकडेच पाटे, टायर, ब्रेक तपासून घेई. राज्ये मात्र या रस्त्याखाली बदलत गेली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, करजण गुजरातेत गेले. वहिवाटदाराच्या जागी मामलतदार आला. गॅरेजमधली भाषा होती तशीच मिश्र राहिली.

आमची फियाट बिघडली ती नदी ओलांडून परत येताना. करजणच्या अलीकडे एका खड्ड्यात डावे चाक गेले, खाडकन आवाज झाला आणि गाडीने त्या बाजूस मान खाली घातली. ती डुक्कर फियाट म्हणून लोक जिची थट्टा करीत तसल्या गोल बांध्याची जुनी गाडी होती; बंधूंचा तिच्यावर जीव. ढकलत, रखडत तिला रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या छपराखाली नेले. तेथील मिस्त्री साठीचे, मितभाषी. त्यांचे वडील सुतार होते आणि गाड्यांना चाके करीत, एवढे त्यांनी पुढे बोलण्याच्या ओघात सांगितले. त्यांनी वाकून पाहिले आणि कमान खालच्या वेटोळ्यापाशी तुटल्याचे निदान केले. बंधू म्हणाले, तुटलीच आहे तर तिच्यात आता जोर तो काय उरला असणार! मिस्त्रींनी मान हलविली. अखंड कमान कशी वागेल याचा तरी अदमास असतो, तुटलेलीचा नसतो, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि मग गुजरातीत एवढेच म्हणाले, "साहेब, पहेलां बांधो, पछी छोडो."

आधी बांधा, मग सोडा. त्यांनी केलेले प्रत्येक काम या सूत्राचे भाष्य होते. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड लावले. पुढच्या चाकाच्या चाक्या गाडी जमिनीवर असतानाच अर्धा अर्धा आटा ढिल्या केल्या, कारण चाक अधांतरी झाल्यावर पान्याला जोर लावणे म्हणजे टेकलेली गाडी हलविणे. मग जॅकने उचलून चौकटीखाली दोन लोखंडी घोड्या दिल्या, गाडीला खांद्याने एक धक्का देऊन घोड्या बसल्याची खात्री केली, आणि काढलेले चाक आडवे करून चौकटीखाली सरकवून ठेवले. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नसतो. त्याच्या तेलावर विसंबून गाडीखाली जाणाऱ्याचा हिशेब केव्हा ना केव्हा चुकतो. हे सर्व पाहून मला बैलगाडी आठवली. बैल सोडण्यापूर्वी गाडीवान चाकाला दगड लावतो आणि दांड्यांखाली टेकू देतो, ज्याला गुजरातेत ऊंटडो म्हणतात. टेकू न देता जू सोडणारा गाडीवान शिकाऊ समजावा. सुताराच्या मुलाला ही गोष्ट मोटारीपाशी नव्याने शिकावी लागली नसणार.

यानंतर त्यांनी जॅक काढून खालच्या आर्मच्या टोकाखाली आणला आणि आर्मचा भार जेमतेम उचलून धरला. शॉकअप अजून जागेवर होता. माझी कल्पना, तो आधी काढावा. पण पुष्कळ गाड्यांत आर्मला मर्यादेपलीकडे खाली जाऊ न देणारा शॉकअपच असतो, आणि जॅक न लावता त्याची चाकी सोडली तर आर्म कमानीसकट खाली आदळतो. जॅक बसल्यावर मग शॉकअप निघाला. त्याचा दट्ट्या हाताने दाबून पाहिला. जो सावकाश, नाराजीने आत जायला हवा होता तो सायकलच्या पंपासारखा गेला, आणि नळीच्या बाहेर तेलाचा ओघळ होता. कमान का तुटली याचे अर्धे उत्तर तेथेच मिळाले. आवरणारा मेला होता, म्हणून कमानीला प्रत्येक खड्ड्याचे ओझे एकटीने अनेकवार वाहावे लागले.

त्यानंतर एक जाड साखळी कमानीच्या वेटोळ्यांतून ओवून चौकटीला वळसा घालून कुलुपासारखी अडकविली. ब्रेकची रबरी नळी ताणू नये म्हणून ड्रमची बाजू तारेने वर बांधली. मग खालच्या आर्मचे बोल्ट. आणि येथे त्यांची गती इतकी मंदावली की बंधू घड्याळ पाहू लागले. एकेक चाकी शेवटच्या काही आट्यांपर्यंत आणून तेथेच थांबविली, पूर्ण काढली नाही. सांधा हातोडीच्या दोन नेमक्या ठोक्यांनी सुटू दिला. सुटलेला सांधा आट्यांवर आणि जॅकवर बसल्याचे पाहिले. मगच चाक्या काढल्या. त्या वेळी ते गाडीच्या समोर नव्हते, बाजूला होते, आणि मदतनीस मुलाला त्यांनी हाताच्या इशाऱ्याने माझ्याही मागे उभे केले. जॅकची चावी इतकी सावकाश सोडली की आर्म बोटाबोटाने खाली येताना दिसे. कमान लांब होत गेली, कण्हल्यासारखा एक आवाज आला, तुटलेला तुकडा आपल्या घरातून गळून पडला आणि साखळी सैल झाली. एवढेच. ज्या दृश्याची मी धास्ती घेतली होती ते घडलेच नाही, आणि न घडविण्यातच अर्धा दिवस गेला होता.

मिस्त्रींच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे नव्हती. कारण मी विचारले नाही. त्यांनी सांगितलेही नाही. पण घोडी, दगड, साखळी, अर्धवट सोडलेली चाकी, बाजूला उभे राहणे हा जो अनुक्रम होता, त्यातील एकेक पायरी कोठे ना कोठे कोणाच्या तरी हातापायाच्या मोबदल्यात रूढ झाली असली पाहिजे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. या धंद्याला दप्तर नाही. त्याचा इतिहास कामाच्या क्रमातच नोंदलेला आहे.

दुसऱ्या दिवशी बडोद्याच्या जुन्या बाजारातून कमानींची एक जोडी आली. तुटली एकच असता बदलल्या दोन्ही, कारण एक ताजी आणि एक थकलेली कमान असेल तर गाडी थकलेल्या बाजूस कलते. शॉकअपही जोडीनेच घेतले. असल्या वस्तू देशात करण्यासाठी मुंबईत मुलुंडला १९६१ साली गॅब्रिएल कंपनी निघाली होती, त्यामुळे ते मिळण्यास अडचण पडली नाही. बसविण्याचा क्रम काढण्याच्या उलट. फक्त कमानीचे टोक आर्मवरच्या खाचेत नीट बसले की नाही हे मिस्त्रींनी बोट फिरवून तीनदा पाहिले.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९८३ च्या डिसेंबरात, मारुती आली, आणि तिच्याबरोबर अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाची रचना घरोघर पोचली. तीत कमान आणि शॉकअप एकाच खांबात गुंफलेले असतात. खांब गाडीतून काढणे सोपे, धोका पुढे. खांबाच्या माथ्यावरची मधली चाकी हीच दबलेल्या कमानीची एकमेव कडी असते, आणि कमान आवळण्यापूर्वी ती सोडणाऱ्यास दुसरी संधी मिळत नाही. समोरासमोर दोन आकडे वेटोळ्यांना लावावे, त्यांचे आटे आळीपाळीने थोडे थोडे आवळावे, कमान आपल्या बैठकीत सैल वाजू लागली की मगच मधल्या चाकीला पाना लावावा, आणि हवेच्या दाबाची बंदूक या कामात दूर ठेवावी, ही त्याची रीत. हालोलला १९९६ मध्ये जनरल मोटर्सच्या मोटारी निघू लागल्या, म्हणजे शिवडीचा गाशा १९५४ साली गुंडाळलेली कंपनी पुन्हा हिंदुस्थानात, आणि तीही बडोद्याच्या शेजारी, आली. २०१७ नंतर तो कारखानाही दुसऱ्याच्या हाती गेला. नव्या मोटारींची कामे आता काचेच्या भिंतींच्या कार्यशाळांत होतात. जुन्या फियाट ज्यांच्याकडे उरल्या आहेत ते अजून पत्र्याची छपरे शोधीत फिरतात.

त्या प्रसंगानंतर वर्षभराने मी पुन्हा करजणला उतरलो, या खेपेस आगगाडीने, आणि वेळ होता म्हणून रस्त्यापर्यंत चालत गेलो. मिस्त्री एका मालमोटारीच्या पाट्यांत गुंतले होते. आमच्या गाडीच्या उजव्या बाजूची ती जुनी, न तुटलेली कमान छपराच्या खांबापाशी उभी करून ठेवली होती आणि तिच्यावर पाण्याचा माठ बसविला होता. मुलाने विहिरीवरून आणलेली कळशी माठात ओतली. मी वाकून पाहिले. कमान दबल्याचे काही डोळ्यांना दिसेना.